नन्नाकाकांनी नाकारलेल्या बोटी

बंदरावर त्यांना सगळे नन्नाकाका म्हणत. खरं नाव घराच्या दारावर होतं आणि तिथेच राहिलं. कोणी जुनी शिडाची बोट विकत घ्यायला निघालं की आधी ती तपासून द्यायची, हे त्यांचं काम. एकतीस वर्षांत त्यांनी इतक्या बोटींना नाही म्हटलं होतं की ते लांबून येताना दिसले तरी बोटींचे दलाल हातातला चहा अर्धवट टाकून कामात असल्याचं दाखवू लागत.

त्यांचं सामान एका कापडी पिशवीत मावायचं. एक लहानशी लाकडी हातोडी, ओलावा मोजायचं यंत्र, लांब दांड्याचा आरसा, मोजपट्टी आणि एक उशी. उशीबद्दल लोकांना कुतूहल होतं. बोटीतल्या प्रत्येक झोपायच्या फळीवर नन्नाकाका उशी टाकून दहा-दहा मिनिटं आडवे होत. माणूस डुलकी काढतोय आणि तिचेही पैसे लावतोय, असं नव्या माणसाला वाटे. पण डोकं कुठे आपटतं, गुडघा कुठे अडकतो आणि बोट कलली तर आपण नेमके कशावर जाऊन पडू, हे आडवं झाल्याशिवाय कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

अहवाल मात्र कोरडा. ‘थोडीशी ओल आहे’ असं त्यांनी जन्मात लिहिलं नाही. थोडीशी म्हणजे किती, असं ते स्वतःलाच दरडावून विचारत आणि आकडा लिहीत. अक्षर असं की दोन दिवसांनी त्यांचं त्यांनाही लागत नसे. म्हणून मुलगी बारा वर्षांची झाल्यापासून अहवाल टाइप करायचं काम तिच्याकडे आलं. तिच्या वयाच्या मुली गोष्टीची पुस्तकं वाचत होत्या तेव्हा ती कुजलेल्या फळ्या आणि गंजलेले बोल्ट वाचत होती. लग्न झालं, दोन पोरं झाली, तरी दर शनिवारी येऊन ती टाइप करून जाई.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. नन्नाकाका बंदराच्या धक्क्यापलीकडे कधी गेले नव्हते. त्यांना बोट लागायची. एकदा निघाले होते, आणि धक्का ओलांडायच्या आतच सकाळचा नाश्ता परत करून आले होते. हे बंदरावर सर्वांना ठाऊक होतं, पण कोणी तोंडावर बोलून दाखवत नसे. कारण बोलून दाखवणाऱ्याची बोट कधी ना कधी तपासायला येणारच होती.

मुलगी मात्र नेमकी उलटी निघाली. शाळा सुटल्यावर पोरांना शिडाच्या होड्या चालवायला शिकवायचं काम तिने धरलं, आणि दातांच्या एका डॉक्टरशी लग्न केलं. जावयाचं आणि सासऱ्यांचं बरं जमे. दोघांचंही काम ठोकून पाहायचं आणि पोकळ कुठे आहे ते सांगायचं. ती मंडळी दोन गल्ल्या सोडून राहत. सहा वर्षांची नात आणि अडीच वर्षांचा नातू दिवसातून निदान एकदा तरी येऊन आजोबांची मोजपट्टी हरवून जात.

एका रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मुलगी म्हणाली, “बाबा, आम्ही दोन वर्षं बोटीवर राहायला जाणार आहोत. पोरांना घेऊन. आधी बेटं, मग जमलं तर पलीकडचा किनारा.”

आजीने ताटं उचलता उचलता परत खाली ठेवली. “तो अडीच वर्षांचा आहे गं.”

“निघेपर्यंत तीनचा होईल.”

“आणि शाळा? आणि तुमचा दवाखाना?” हे जावयाला.

“दात दोन वर्षांनीही किडलेलेच असतील, आई,” जावई म्हणाला.

“बोट बाबांनी निवडून द्यायची,” मुलगी म्हणाली. “पोरांना झेपेल अशी आणि समुद्राला टिकेल अशी. तुम्ही हो म्हणाल तीच घेणार.”

नन्नाकाका एका शब्दात तयार झाले. जावई चकित झाला. आजी झाली नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं की हा माणूस पटकन हो म्हणाला की कुठेतरी पाणी मुरतंय. आणि मुरतच होतं. निवडायचं काम ज्याच्या हातात, न निवडायचंही त्याच्याच हातात, हा हिशेब नन्नाकाकांनी हात धुवायच्या आत केला होता.

भीती मात्र खरी होती. वादळातून परत आलेल्या बोटी तपासायलाही त्यांना बोलावत. मोडलेल्या डोलकाठ्या, उखडलेले दरवाजे, आत सगळीकडे भिजलेली अंथरुणं आणि त्यांत एखादं लहान मुलाचं पायताण. हे सगळं त्यांनी मोजून लिहिलं होतं. परत न आलेल्या बोटी तपासायला कोणी बोलावत नाही, हेही त्यांना माहीत होतं.

पहिली बोट जावयाने शोधली. पांढरीशुभ्र, रुंद, मोठमोठ्या खिडक्यांची. आत आठ जण ऐसपैस बसतील असा सोफा. जावई तर आत शिरल्या शिरल्या त्यावर बसलाच.

“इथून तिथपर्यंत जाताना धरायला काय आहे?” नन्नाकाकांनी विचारलं.

जावयाने इकडेतिकडे पाहिलं. “काही नाही. पण केवढी मोकळी आहे बघा ना!”

“बंदरात मोकळी. समुद्रावर कलली की तुमचा मुलगा या सोफ्यावरून निघेल तो त्या कपाटावर थांबेल. अंतर दोन मीटर नव्वद.” त्यांनी मोजलं होतं. “घर म्हणून चांगली आहे. रस्त्यावर असती तर घ्या म्हटलं असतं.”

दुसरीत आत उतरायच्या पायऱ्या शिडीसारख्या उभ्या होत्या. कडेवर मूल घेऊन उतरायचं तर दोन्ही हात हवेत, आणि मग मूल कशाने धरायचं? तिसरीत मागची बसायची जागा एवढी ऐसपैस की एक मोठी लाट आत आली तर पाणी बाहेर जायला सहा मिनिटं लागतील. चौथीचं इंजिन दुरुस्त करायचं तर मुलांची झोपायची फळी उखडावी लागे. पाचवीत पिण्याचं पाणी चौघांना नऊ दिवस पुरलं असतं. सहावी आणि सातवी तळाशी ओल्या. सातही वेळा नन्नाकाका खरं बोलले होते, आणि मुलगी सातही अहवाल मान डोलावत टाइप करून गेली.

आठवीपासून त्यांना दोष शोधावे लागले. आठवीत संडासाचं दार चुकीच्या बाजूला उघडत होतं. नववीत दोनच शेगड्या होत्या. तीन हव्यात, असं त्यांनी लिहिलं. घरात त्यांच्या आयुष्यभर दोनच होत्या. दहावीत आधीच्या मालकाच्या विडीचा वास होता. अकरावी गडद निळी, आणि गडद निळी बोट लांबून पाण्यात दिसत नाही, असा शेरा होता. शेरा खरा होता. रंग बदलता येतो, हे लिहायचं राहून गेलं.

“बाबा नाकाने कांदे सोलतात,” जावई घरी म्हणाला. मुलीने विकाऊ बोटींची यादी पुढे ओढली.

बारावी बोट तिने स्वतः शोधली. साडेदहा मीटर लांब, वजनाला भारी, अंगाने अरुंद आणि दिसायला अगदीच बेतास बात. एक निवृत्त शिक्षिका आणि तिचा नवरा तिच्यातून अठरा वर्षं हिंडले होते आणि आता गुडघ्यांमुळे विकत होते. नन्नाकाकांनी चार तास हातोडी चालवली. सगळीकडून एकच भरीव आवाज. ओलावा कुठेही प्रमाणाबाहेर नाही. आत कुठेही उभं राहिलं तरी हाताशी धरायला काहीतरी होतं, आणि वर्षानुवर्षं धरून धरून ते गुळगुळीत झालं होतं. चुलीसमोर स्वयंपाक करणाऱ्याला अडकवून ठेवायला पट्टा होता. पायऱ्या रुंद, उताराच्या. पाणी सव्वा महिन्याचं.

ते उशी टाकून आडवे झाले. शेजारच्या छोट्या फळीला झोपणारा पडू नये म्हणून बाहेरच्या बाजूने जाड कापड ताणून बांधलेलं होतं. त्यामागून नातीचं डोकं वर आलं.

“आजोबा, इथून पडताच येत नाही,” ती म्हणाली. “मी चारदा करून बघितलं.”

“हं,” नन्नाकाका म्हणाले.

तो अहवाल त्यांनी मुलीकडे टाइप करायला दिला नाही. घरी येऊन चांगल्या अक्षरात स्वतःच लिहून काढला आणि पाकिटात घालून पाठवून दिला. शेवटी लिहिलं होतं: सुकाणूच्या दांड्यात ढिलाई असल्याची शंका वाटते. दूरच्या प्रवासास बोट योग्य नाही. त्या रात्री त्यांनी अर्धंच जेवण केलं. आजीने भाजीला नावं ठेवायची असतील तर सरळ ठेवा म्हटलं, तर तेही केलं नाही.

तीन दिवस मुलीकडून हूं की चूं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती एकटी आली, कागद त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्याच विचारलं, “बाबा, ढिलाई किती?”

नन्नाकाका चष्मा पुसू लागले.

“वीस-बावीस वर्षं झाली मी तुमचे अहवाल टाइप करतेय,” ती म्हणाली. “आकडा नसलेलं तुमचं वाक्य मी आजवर पाहिलेलं नाही. आणि ‘शंका वाटते’? तुम्हाला कधीपासून काही वाटायला लागलं? काल मी जाऊन तो दांडा स्वतः हलवून पाहिला. हलत नाही.”

चष्मा आधीच स्वच्छ होता. तो त्यांनी डोळ्यांवर चढवला. “तुम्ही जायला नकोय मला,” ते म्हणाले. “बस. एवढंच आहे. पोरं नसताना मी या घरात काय करू? आणि रोज सकाळी उठून वाऱ्याकडे बघत बसू का?”

“कळतं मला ते.”

“मग घे ना ती बोट. तुला कळलंय ती चांगली आहे. मला कशाला विचारतेस?”

“नाही घेणार,” मुलगी म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्यांना सोपं गेलं असतं. “तुम्ही नाही म्हटलेल्या बोटीत मी पोरांना घालणार नाही. खोटं म्हटलं असलं तरी. उद्या भर समुद्रात तो दांडा नुसता करकरला तरी मला हा कागद आठवेल. तुमच्या सांगण्यावर मी लहानपणापासून विश्वास ठेवलाय, तो आता सोडायचा म्हटला तरी सुटत नाही. तेव्हा बघा. कागद असाच ठेवायचा असेल तर ठेवा. आम्ही इथेच राहू, आणि हे मी कोणाला सांगणार नाही. तुमच्या जावयालाही नाही, आईलाही नाही.”

एवढं बोलून ती आत आईकडे गेली. आतून कपबश्यांचा आवाज येऊ लागला.

नन्नाकाका कागदासमोर बसले. आता काहीच करायची गरज नव्हती, हीच मोठी पंचाईत होती. नुसतं बसून राहिलं की झालं. नात पुढच्या महिन्यात शाळेत जाईल, नातू मोजपट्टी हरवत राहील, रविवारी सगळे जेवायला येतील. हवं ते सगळं एका वाईट वाक्यात मिळालं होतं, आणि मिळाल्यावर ते गळ्याखाली उतरत नव्हतं. एकतीस वर्षं वाटेवरच्या कोणालाही त्यांनी खरं सांगितलं होतं. खोटं सांगायला पोटची पोर सापडली होती. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

आकडा वहीत होता. मोजल्याशिवाय बोटीतून उतरणं त्यांना जमलंच नव्हतं. त्यांनी कोरा कागद घेतला आणि त्यांच्या नेहमीच्या भयंकर अक्षरात लिहायला सुरुवात केली. कप वाजायचे थांबले होते, पण आतून कोणी बाहेर आलं नाही. अर्ध्या तासाने त्यांनी मुलीला हाक मारली आणि कागद तिच्या हातात दिला.

तिने खिडकीपाशी जाऊन वाचला. सुकाणूच्या दांड्यातील ढिलाई शून्य पूर्णांक तीन मिलिमीटर, चालण्याजोगी. याआधीचा अहवाल रद्द समजावा. तो तपासनिसाने जाणूनबुजून चुकीचा लिहिला होता. दोन मोठी माणसं आणि दोन लहान मुलं यांना दूरच्या प्रवासासाठी या बंदरात सध्या याहून चांगली बोट नाही. आणि सगळ्यात खाली: हरकत आहे. मात्र ती तपासनिसाची नसून मुलीच्या बापाची आहे. बोट घेताना ती विचारात घेऊ नये.

तिने दोनदा वाचला. मग नाक ओढलं.

“शेवटचंही टाइप करायचं का, बाबा?”

“कर,” नन्नाकाका म्हणाले. “तपासणीत जे आढळलं ते सगळं लिहायचं असतं.”

ती टाइप करायला बसली. सुकाणूपर्यंत बोटं भराभर चालली. शेवटच्या दोन ओळींना तिला बराच वेळ लागला, आणि नन्नाकाकांनी घाई केली नाही.