बेस न सोडलेली हळद

डीजेच्या धंद्याला अक्कल लागते, हा गैरसमज आहे. आमच्या देवगड-मिठबाव पट्ट्यात तर कानही लागत नाहीत. फर्माईश एकच: कौलं हलली पाहिजेत. एका हळदीला नवरदेवच मला म्हणाला, "शेजारच्या वाडीत कपाटाची काच फुटली हुती. तुज्याकडे कायच फुटूक नाय!" घ्या! गाण्याची परीक्षा काचेवर!

मी या धंद्यात आलो तो तारकर्लीच्या किनाऱ्यावरल्या एका शॅकवर ऐकलेल्या मेलोडिक इलेक्ट्रॉनिक गाण्यांमुळे. सूर हळूहळू चढायचा, ठोका मागे दबून असायचा. पण आमच्या पब्लिकला तेवढा दम कुठला? सूर लागतो न लागतो तोच छातीत धडकणाऱ्या ठोक्यासाठी बोंब, "ए, बेस सोड रे!" गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. मी ती गाणी बासनात गुंडाळली.

यंदा बहिणीचं लग्न ठरलं. घरातली ही शेवटची हळद. आणि तिनेच मला सुनावलं, "दादा, माज्या हळदीक तुजे बॉक्स नको. माका आयेची गाणी आयकाची आसत."

डोकंच फिरलं. गावभर वाजवणारा मी, आणि घरच्या हळदीला मुका? पण तिचं खरं होतं. आमची आई घाणा भरताना, म्हणजे उखळात हळद कांडताना, गाते. अलीकडच्या लग्नांत माझ्या बॉक्सांपुढे तिचे नुसते ओठ हलताना दिसायचे.

"एकच बारको बॉक्स लावतंय," मी म्हटलं. "आयेचो आवाज आयकाक नाय इलो, तर पिन तूच उपट."

हळदीच्या सकाळी सुवासिनींनी मुसळाला आंब्याची पानं बांधली. आई गाऊ लागली. मी तारकर्लीचं ते जुनं गाणं लावलं, अगदी बारीक, बेस पार काढून. ठोका मुसळाचा, सूर तेवढा माझा. गाणं चढलं, तशी आईही चढली. आईशप्पथ, अंगावर काटा आला! एवढं सोनं घरात ठेवून मी त्या मूर्खांची कौलं हलवत होतो.

तेवढ्यात मुंबईहून आलेला चुलतभाऊ, सावलीतही काळा चष्मा लावणारं ते ध्यान, खळ्यातून, म्हणजे अंगणातून, ओरडलं, "बेस सोड रे! मयताक इलंव काय आमी?" त्याच्या टोळक्याने शिट्ट्या मारल्या. गाणं नेमकं चढून थांबलं होतं; इथेच बेस पडतो. सगळे माझ्या बोटाकडे बघत होते. बहिणीचा हात पिनेवर गेला.

संतापून मी गाणंच बंद केलं. मुसळ थांबलं नाही. सगळ्या खळ्यात आईचा एकटीचा आवाज ऐकू येत होता, शिट्ट्याही बंद पडल्या. मग आईच मध्येच थांबली आणि माझ्याकडे वळली.

"बंद कित्याक केलंस रे? माजा गाणा खंय संपला?"

बहिणीने पिनेवरचा हात काढला. डोळे पुसत म्हणाली, "लाव, दादा."