पाटी सगळ्यांसाठी

जेवणाची सुट्टी संपत आली होती. प्रयोगशाळेच्या दारात रामभाऊ टोपी हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, ताई गेल्या. सकाळी, झोपेतच." रामभाऊ आमच्या कारखान्यातले जुने हमाल, रोज कन्हानहून येतात. नलिनीताई भुसारींच्या मुलीने आम्हा सगळ्यांच्या आधी त्यांना कळवलं होतं. रडू नंतर आलं. आधी वाटलं, सुटल्या बाई... वर्षभर फुफ्फुसांच्या दुखण्याने त्यांना चार वाक्यं सलग बोलता येत नव्हती. "मले नळ्या लावून ठेवू नका," एवढं मात्र त्यांनी प्रत्येकाकडून कबूल करून घेतलं होतं. बेसातल्या आपल्या घरात, आपल्या पलंगावर गेल्या. आता महिना उलटलाय, तरी त्यांची आठवण आली की आधी सुटकेचा निःश्वासच बाहेर पडतो.

नागपूरबाहेरच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात नलिनीताई एचआरच्या प्रमुख होत्या. मूळच्या काटोलच्या, संत्र्याच्या बागेत वाढलेल्या. ऑफिसात बोलणं अगदी पुस्तकी, पण राग आला की किंवा माया दाटली की काटोल आपसूक जिभेवर यायचं. मी तिथे केमिस्ट म्हणून लागले तेव्हा मला त्यांची धास्तीच वाटायची. चटकन पेट घेणाऱ्या थिनरच्या गोदामावर मोठी पाटी होती : आत विडी, सिगारेट, काडेपेटी, काही न्यायचं नाही. त्या वर्षी रामभाऊंच्या खिशात काडेपेटी सापडली आणि ताईंनी त्यांना बिनपगारी घरी बसवलं. रामभाऊंनी हात जोडले, "चुकून राहिली ताई, पेटवली नाही." ताई म्हणाल्या, "पेटवली असती तर बोलायला तुम्हीही नसता आणि मीही नसते." मला त्या फार कठोर वाटल्या होत्या.

मग देवधरसाहेबांचं प्रकरण झालं. देवधर आमचे उपाध्यक्ष. बुडायला आलेला कारखाना त्यांनी वर काढला होता, मालकांचा उजवा हात. माणूस हुशार, कामाला वाघ, पण नियम आपल्यासाठी नाहीत अशी त्यांची मनातून खात्री. एकदा बाहेरगावचे पाहुणे घेऊन ते गोदामात आले, थिनरच्या पिंपांजवळ उभे राहिले आणि बोलता बोलता त्यांनी सिगारेट पेटवली. मी आत नमुने घेत होते. "सर, इथे नको... बाहेर चला," मी म्हणाले. आवाज बहुतेक चढला असावा. ते हसले. मग पाहुणे आपल्याकडे बघताहेत हे लक्षात आलं आणि चेहरा बदलला. ते बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर देवधरांच्या सहीचा, रायपूरच्या डेपोत बदली झाल्याचा कागद होता.

घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नवऱ्याची नोकरी नागपुरात. बदली म्हणजे नोकरी सोडणंच. मी तो कागद घेऊन ताईंच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्या रडायला लागले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "काहून रडून राहिली वं? बस. आधी काय पाहिलं ते सांग. काय वाटलं ते मग." सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "चौकशी होईपर्यंत तू कुठंच जात नाही."

बातमी वाऱ्यासारखी पसरली. कारखान्यातली पोरं गेटवर घोषणा द्यायला निघाली होती. ताईंनी त्यांना अडवलं. "साहेबांचं म्हणणं अजून ऐकलेलं नाही. ते ऐकल्याशिवाय कोणी निकाल लावायचा नाही." पोरं चिडली, ताई साहेबाला वाचवणार असं उघड बोलू लागली. रामभाऊंच्या डोळ्यांतही तेच होतं. खरं सांगायचं तर माझ्याही.

चौकशीला ताई धरून तिघं होती, त्यात एक बाहेरच्या वकीलबाई. देवधरांना ताईंनी पूर्ण बोलू दिलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. सिगारेट त्यांनी कबूल केली. बदली मात्र डेपोच्या गरजेपोटी, असं म्हणाले. "ही गरज आदल्या दिवशी होती का?" ताईंनी विचारलं. मग ताई हळू आवाजात जे बोलल्या ते मी विसरू शकत नाही. "साहेब, सिगारेट मी समजू शकते. सवय असते, हात जातो. पण या मुलीची बदली सवयीने नाही झाली. उद्या गोदामात कोणी काही चुकीचं पाहिलं, तर तो तोंड उघडेल का?"

खरी परीक्षा पुढे होती : देवधरांनाही बिनपगारी घरी बसवायला मालकांची संमती हवी होती. मालकांच्या केबिनमध्ये काय झालं ते ताईंनी मला निवृत्तीनंतर सांगितलं. जायच्या आधी बाथरूममध्ये त्यांना उलटी झाली होती, इतकी भीती वाटत होती. मालक म्हणाले, "छोडो ना बाई, मी त्याला समजावतो. इतक्या मोठ्या माणसाला घरी कसं बसवायचं?" ताई म्हणाल्या, "मग मी गोदामावरची पाटी काढून आणते. सगळ्यांसाठीच काढू. फक्त हमालांसाठी ठेवायची असेल, तर तसं तुम्ही मला लिहून द्या." मालक उठून खिडकीशी गेले. पाठमोरेच म्हणाले, "करो, जो करना है." नंतर कितीतरी महिने ते ताईंशी कामापुरतंच बोलले.

माझी बदली रद्द झाली. देवधरांनाही रामभाऊंसारखंच, तितकेच दिवस बिनपगारी घरी बसावं लागलं, आणि माणसांच्या बदल्यांचा अधिकार त्यांच्याकडून गेला. ते राजीनामा देतील असं सगळे म्हणत होते. पण ठरल्या दिवशी ते आले. गेटवर गाडीतून उतरले, खिशातलं सिगारेटचं पाकीट आणि लायटर काढून चौकीदाराच्या टेबलावर ठेवले आणि चालत आत गेले. मग माझ्यासमोर येऊन म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही बरोबर होतात." माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, एवढंच कळलं. त्या दुपारी कँटीनमध्ये किती दिवसांनी लोक मोठ्याने हसत होते! रामभाऊ ताईंच्या समोर चहा ठेवून म्हणाले, "ताई, माह्या मनात आता काही नाही." ताईंनी पदराने चष्मा पुसला.

महिन्यापूर्वी ताईंना निरोप द्यायला देवधर घाटावरही आले होते. काठी टेकत, सगळ्यांच्या मागे उभे. "बाईंना माझा तमाशा करता आला असता," ते मला म्हणाले. "त्यांनी फक्त नियम लावला."

गेल्या रविवारी बेसाला गेले होते. ताईंच्या खोलीत त्यांचा साधा मोबाइल खिडकीत चार्जिंगला लावलेला दिसला. मुलगी म्हणाली, "बंद करवत नाही गं मावशी. निवृत्तीनंतरही आईला सल्ला विचारायला फोन यायचे ना, कुठल्या कुठल्या कारखान्यांतून, दवाखान्यांतून. अजून येतात." आम्ही बोलत असतानाच तो वाजला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी उचलला. पलीकडे एक तरुण, दबलेला आवाज : "नलिनीताई आहेत का? आमच्या मोठ्या साहेबांबद्दल बोलायचं होतं..."

ताई नाहीत, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. मग मी त्यांच्या पलंगाच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "बोल बाळा. मी ऐकतेय."