"जवळ", "लांब" आणि पगारे काका

स्क्रीनवर "जवळ" उमटलं आणि आमचे परदेशी पाहुणे कँटीनच्या दारात थांबले. त्यांना बेअरिंग शोधायचं होतं. समोर पगारे काका चहा पीत बसले होते.

साधारण दोन हजार सहाची गोष्ट. नाशिकजवळच्या अंबडमधल्या एका कारखान्याच्या स्टोअरसाठी आम्ही हातात धरायचं यंत्र करत होतो. प्रत्येक रॅकवर ब्लूटूथचा छोटा डबा. पार्ट निवडायचा आणि चालायला लागायचं. डब्याचा सिग्नल वाढला की स्क्रीनवर "जवळ", कमी झाला की "लांब". स्क्रीनचं डिझाइन माझं होतं.

घाई होती. स्टोअरकीपर पगारे काका महिनाअखेरीस रिटायर होणार होते आणि कुठला पार्ट कुठे, हे त्यांनाच ठाऊक. कंपनीच्या यादीत तर निम्म्या पार्टांपुढे, रॅक नंबरच्या जागी, चक्क "पगारे" लिहिलेलं.

"सर, हे लोकेशन नाही," मी प्लँट मॅनेजरना म्हटलं.

"मॅडम, आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच लोकेशन आहे. सोमवारी परदेशी पाहुण्यांसमोर डेमो आहे. एक डबा पगारेंना लावा."

ते गंमत करत नव्हते. काकांनी डबा गळ्यात अडकवला. सोमवारी सिस्टीम बिनचूक चालली. काका बाथरूमला गेले, तेव्हा बाहेर तीन इंजिनिअर यंत्र घेऊन उभे होते. पाहुण्यांनी फोटो काढले. मी मात्र तारखा मोजत होते. महिना संपला की हे लोकेशन नाशिक रोडला घरी बसणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी काकांना विचारलं, "पार्ट मागितला की तुम्ही काय करता?"

"जाऊन आणतो."

"मग हे यंत्र तुम्हीच धरा. पार्टापाशी पोचलात की बटण दाबा. रॅक ते आपोआप लिहून घेईल."

काकांनी यंत्र हातात घेतलं. "इतक्या वर्षांत सगळे 'आण' म्हणाले. कुठे ठेवलंय, हे तुम्हीच पहिल्यांदा विचारलंत."

तीन आठवडे ते बटण दाबत फिरले. शेवटच्या दिवशी यादीत "पगारे" फक्त चार ठिकाणी उरलं.

"हे चार पार्ट कुठेत, काका?"

"कुठेच नाहीत. ते कधी आलेच नाहीत."

"मग कोणी मागितले तर?"

"मी 'उद्या या' म्हणतो."

प्लँट मॅनेजरना रकाना रिकामा चालणार नव्हता. आम्ही त्या चार पार्टांपुढे "उद्या या" लिहिलं आणि सिस्टीम सुरू केली. दोन वर्षं मेंटेनन्स आमच्याकडे होता. त्या चार पार्टांबद्दल एकही तक्रार आली नाही. यादी दुरुस्त करायच्या आधी ती कोण चालवतंय ते बघावं, एवढं मी त्या कामात शिकले.