सिस्टरांचा हौद

सिस्टर आपल्या माशांना पेशंट म्हणत. सकाळी चहाच्या आधी त्या हौदाच्या कठड्याशी जाऊन पाण्यात वाकत आणि मोठ्याने विचारत, "काय मंडळी, झोप लागली का?" मासे तोंडं उघडत वर येत. मग त्या समाधानाने म्हणत, "छान. आता मी चहा घेते."

नरपडला चिकूच्या वाडीत त्यांचं घर होतं. २०१४ साली डहाणूच्या एका बँकेत मला नोकरी लागली आणि त्यांच्या ओसरीलगतची खोली मी भाड्याने घेतली. तलासरीकडच्या पाड्यांवर नर्स म्हणून त्यांची सारी नोकरी झालेली. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे डबक्यांत सोडत त्या गावोगाव हिंडल्या होत्या. निवृत्त होताना त्यांतलेच थोडे बरणीतून घरी आले. पुढे भाचीने सोनेरी मासे आणून दिले आणि अंगणातल्या हौदाचा वॉर्ड झाला. सगळ्यांत थोराड माशाचं नाव होतं मेट्रन.

वॉर्ड उघड्यावर, त्यामुळे पाहुणे फार. बगळा कठड्यावर येऊन समाधी लावायचा आणि खंड्या आंब्याच्या फांदीवरून नेम धरायचा. सिस्टर टाळ्या वाजवत धावायच्या, "भेटीची वेळ संपली! निघा!" पण या पाहुण्यांना शिव्या देताना मी सिस्टरांना कधी ऐकलं नाही. मी एकदा बगळ्याला मेल्या म्हटलं तर मलाच म्हणाल्या, "त्याला भूक लागली, तो आला. दार उघडं कुणी ठेवलं? मी."

एका सकाळी बगळ्याची चोच मेट्रनच्या पाठीवर बसली. सिस्टरांनी तिला अलगद टबात घेतलं, पाण्यात मीठ घातलं आणि टब न्हाणीघरात नेला. मेट्रन बरी होईपर्यंत मी अंघोळीला शेजारी जात होते. शेजारीण विचारायची, "पेशंट कसा आहे?" ज्या दिवशी मेट्रनने पहिला दाणा खाल्ला, त्या दिवशी सिस्टरांनी शिरा केला.

मग मात्र त्यांनी पदर खोचला. बगळ्याला कठड्यावरून चोच पोचू नये म्हणून हौदातल्या पाण्याची पातळी खाली ठेवली. माशांना लपायला फुटके माठ आणि कौलं तळाशी सोडली. वर टाकायला जाळं हवं म्हणून आम्ही जवळच्या आगर गावी दामूकाकांकडे गेलो. दामूकाका म्हणजे सिस्टरांच्या माहेरच्या ओळखीचे कोळी.

"सिस्टर, मासे धरायला जाळं नेतात," दामूकाका हसत सुटले. "राखायला नेणाऱ्या तुम्ही पहिल्याच!"

जुनं जाळं हौदावर सैलसर पडलं आणि सिस्टर निर्धास्त झाल्या. दुसऱ्याच सकाळी त्यांची हाक आली, "अगं, कात्री आण! लवकर!" जाळ्यात खंड्या अडकला होता. निळे पंख धाग्यांत गुरफटलेले, चोच उघडी. सिस्टरांनी त्याच्यावर पदर टाकला. त्याने त्यांच्या बोटातून रक्त काढलं.

"गप रे, इंजेक्शन नाही देत," असं म्हणत त्या एकेक धागा कापत राहिल्या. तो सुटला, क्षणभर त्यांच्या तळहातावर तसाच बसून राहिला आणि मग सपकन उडून गेला. जाळ्याला भलंमोठं भोक पडलं होतं. मासे खाली, बगळा वर झाडावर. सिस्टर दिवसभर खुर्ची टाकून, छत्री धरून हौदाशी बसल्या. जेवणाचं ताटही मी तिथेच नेऊन दिलं.

संध्याकाळी दामूकाका बांबू घेऊन आले. आम्ही चौकट बांधली आणि तिच्यावर बारीक डोळ्यांचं जाळं तबल्यासारखं ताणलं, कुणाचा पाय अडकू नये असं. सकाळी बगळा आला आणि त्या जाळ्यावरच उतरला. खाली मासे, मध्ये जाळं. तो एकदा माशांकडे बघे, एकदा स्वतःच्या पायांकडे. सिस्टर हसून हसून पायरीवर बसल्या.

खंड्याचं मात्र त्यांना वाईट वाटत होतं. त्यांनी वाडीच्या टोकाला, फाटकाच्या अलीकडे एक अर्धं कापलेलं पिंप मांडलं, त्यात गप्पी सोडले आणि वर काही झाकलं नाही. "वॉर्डात यायचं नाही. हे कँटीन," त्यांनी आंब्याकडे बघून जाहीर केलं. गप्पी भराभर वाढायचे, पण खंड्या महिनोन्‌महिने तिकडे फिरकला नाही. "रागावलाय," सिस्टर म्हणायच्या.

२०१९ साली माझी बदली झाली. सामान रिक्षात चढलं. सिस्टर फाटकापर्यंत आल्या. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, डोळे भरले होते, काहीतरी सांगायला ओठ उघडले आणि तेवढ्यात मागे पाण्याचा चुबुक आवाज झाला. पिंपाच्या काठावर खंड्या बसला होता, चोचीत गप्पी.

सिस्टर मला सोडून तिकडे धावल्या. "जेवला गं! जेवला!"

रिक्षा सुरू झाली तरी त्या पिंपाशीच उभ्या होत्या, माझ्याकडे अर्धवट पाठ करून, तोंडावर बोट ठेवून. मी निरोपाचा शब्दही न काढता निघाले. पाहुणा उडायला नको होता.