नानांची फर्लो

मी मांजरी गाव सोडलं त्या दुपारी आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अंगावरची हळद अजून पुरती उतरली नव्हती आणि मी नवऱ्यामागं थेट हॉलंडला निघाले होते. आख्ख्या आळीत विमानात बसणारी पहिली बाई मीच. आईनं चटण्यांच्या पुड्या कोंबून कोंबून बॅगेची चेन तोडली होती, दादा, म्हणजे माझे वडील, जीपवाल्यावर उगाचच खेकसत होते, आणि बायका माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडत होत्या. सगळे होते. फक्त नाना नव्हते. ते लग्नालाही नव्हते. "सरकारनं फर्लो नाकारली," दादांनी सांगितलं होतं. मी सरकारच्या नावानं बोटं मोडली आणि जीपमध्ये बसले.

नाना म्हणजे माझे सख्खे धाकटे चुलते. मी पहिलीत असताना कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून शेजारच्या रानातल्या माणसाशी त्यांचं भांडण झालं, काठी चालली आणि तो माणूस गेला. नानांना जन्मठेप झाली. त्यांचं लग्न व्हायचं होतं, ते राहूनच गेलं. पुढं काही वर्षांनी त्यांना फर्लो मिळायला लागली. फर्लो म्हणजे कैद्याची घरी जायची रजा. वर्षातून एकदा, दोन आठवड्यांची. शाळेत बाकीच्या पोरी दिवाळीची वाट बघायच्या, मी फर्लोची बघायचे.

या फर्लोचा एक रिवाज होता आणि तो आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता. नानांनी अर्ज केला की आधी हवालदार गावात यायचा. ओट्यावर बसून चहा प्यायचा आणि विचारायचा, "घरी घ्यायला राजी आहात का?" घरच्यांनी हो म्हणायचं. मग मंजुरी आली की घरच्या एका माणसानं तुरुंगात जाऊन जामीन म्हणून सही करायची, की हा माणूस आमच्याकडे राहील आणि मुदत संपली की आम्ही परत आणून पोचवू. सही झाली की दार उघडायचं. आधी आजोबा जायचे, ते वारल्यावर दादा.

नाना यायचे ते पिशवी ओट्यावर टाकून, पाणीसुद्धा न पिता उसात दारं धरायला जायचे. खोरं घेऊन एका सरीचं पाणी दुसऱ्या सरीत वळवत संध्याकाळपर्यंत चिखलात उभे. ज्या पाण्यापायी आयुष्य वाया गेलं, त्याच पाण्यात! मला तेव्हा काही कळायचं नाही. मी बांधावर बसून शाळेतल्या कविता म्हणून दाखवायचे. आई त्या दोन आठवड्यांत वर्षाचं सगळं त्यांच्या पोटात घालायची. आज पुरणपोळी, उद्या मटण, परवा जेजुरी, मध्येच दाताचा डॉक्टर. शेवटचे दिवस आले की ताटात वाढता वाढता म्हणायची, "अजून हायत की चार दिस." नाना मान हलवायचे आणि जेवायचे.

आता हॉलंडची गंमत ऐका. मी आइंडहोव्हनला कशीबशी नोकरी धरली. पहिल्याच महिन्यात शेजारच्या टेबलवरची बाई, आठ महिन्यांची गरोदर, हसत हसत मला म्हणाली की ती आता लांब 'फर्लॉफ'वर चालली आहे. मी हबकलेच. अगं बाई, हिनं काय केलं असेल? चेहऱ्यावरून तर इतकी गरीब गाय दिसते! मग कळलं की डच भाषेत साध्या रजेलाच तसं म्हणतात. बाळंतपणाची फर्लॉफ, आजाऱ्याची सेवा करायची फर्लॉफ, घरात अचानक काही झालं तर त्याची फर्लॉफ. संध्याकाळच्या डच वर्गातल्या मास्तरीणबाईंनी सांगितलं की या शब्दाचा मूळ अर्थ परवानगी. इंग्रज शिपायांनी तो डचांकडून उचलला आणि मग कंपनी सरकारबरोबर तो आपल्याकडे आला. गोरे साहेब फर्लोवर विलायतेला जायचे. साहेब गेले, देश स्वतंत्र झाला, आणि त्यांचा शब्द उरला आमच्या नानांच्या वाट्याला. कोरोनाच्या वर्षी तर इंग्लंडमधल्या माझ्या एका मैत्रिणीला तिच्या हॉटेलनं न मागता फर्लोवर पाठवलं. काम बंद, घरी बस. मागायची रजा ती, आता अंगावर येऊन पडते म्हणजे काय!

माझ्या सासूबाई कोथरूडच्या. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेलं, बोलणं मोजकं आणि खोचक. त्यांना मी फोनवर हे सगळं, नानांचं तेवढं वगळून, रंगवून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपली रजा तरी कुठे आपली आहे? अरबीतून फारसीत आली, फारसीतून आपल्या दरबारात. अर्थ मर्जी, संमती. राजी, नाराज, सगळं एकाच घरातलं. राजीनामा म्हणजेसुद्धा पूर्वी कबुलीचा कागद. तुमच्या ऑफिसांत आता रजा कोणी मागत नाही, नुसती कळवतात. चालायचंच."

तुम्ही गावाकडं मागं राहिलात आणि आम्ही परदेशी निघून आलो, त्या आपल्यात एक गोष्ट कधी बोलली जात नाही, ती मी बोलते. मी वर्षातून एकदा मांजरीला यायचे, तीन आठवड्यांच्या रजेवर. उसाच्या जागी हळूहळू टॉवर उभे राहिले, आमच्या ओट्यासमोर पार्किंग आलं, तरी आईचा नेम तोच. आज पुरणपोळी, उद्या मटण, परवा जेजुरी, मध्येच दाताचा डॉक्टर, कारण तिकडे डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत दात आपोआप पडतो. एके वर्षी ताटात भाकरी टाकताना आई म्हणाली, "अजून हायत की चार दिस." माझा घास हातातच राहिला. ही तर नानांची फर्लो! मी कोणता गुन्हा केला होता? पगाराला, चांगल्या शाळांना भुलून तिकडेच राहिले, एवढाच. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळेना की मी घरी येऊन तिकडे परत जाते की तिकडच्या घरून इथं रजेवर येते. परतीच्या विमानात मी भोकाड पसरलं, शेजारचा माणूस घाबरला बिचारा.

पण खरा धक्का पुढं होता, गेल्या डिसेंबरात. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. नाना माझ्या लग्नानंतर दोनेक वर्षांनी कायमचे सुटले होते आणि तेव्हापासून दादांबरोबर त्याच घरात राहत होते. दोघे म्हातारे सकाळी एकाच किटलीतला चहा पितात, एकच पेपर अर्धा अर्धा करून वाचतात आणि दिवसभर एकमेकांवर डाफरतात. त्या दुपारी दादा झोपले होते. नाना आणि मी ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. मी त्यांना डच शब्दाची कथा सांगितली. नाना खदखदून हसले.

"म्हंजी म्या डचांच्या रजंवर येत हुतो व्हय?"

मीही हसले आणि सहज बोलून गेले, "पण नाना, सरकारला नेमकं माझ्याच लग्नात काय सुचलं? तेव्हाच मेली फर्लो नाकारायची होती?"

नानांचा हात थांबला. "कोन म्हनलं नाकारली?"

"दादा म्हणाले."

"मंजूर झाली हुती की." ते शेंगेकडेच बघत होते. "दाढी करून, कापडं बांधून बसलो हुतो. सही कराया घरनं कुनी आलं न्हाई. तुजं लगीन हून गेलं, मंग म्या बी अर्ज करायचा सोडला. सुटंपतूर पुन्हा मागितलीच न्हाई."

  इतकी वर्षं मी सरकारला शिव्या घालत होते आणि सरकारनं तर दार उघडलं होतं! नाही म्हटलं ते आमच्या घरानं.

"नाना, तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? लगीन तुजं. मला वाटलं, तूच नगं म्हनलीस. जेलमधला चुलता मांडवात कुनाला पायजेल असतोय? तुजं बरूबर हुतं, पोरी. म्या कवा राग धरला न्हाई."

राग धरला नाही! अहो, तोच तर घाव. विसाहून जास्त वर्षं हा माणूस मी नको म्हटलं असं समजून माझ्यासाठी दर डिसेंबरात हुरड्याची तयारी करत होता. माझ्या पोरांना खांद्यावर घेऊन फिरत होता. मी त्यांच्या पायाशी बसून ढसाढसा रडले. "मी नाही हो, नाना, मी नाही म्हटलं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून "बरं, बरं" म्हणत होते. पण त्यांना ते पटलं की मला गप्प करायला म्हणत होते, ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी कोथरूडला गेले. दादा सहीला गेले नाहीत ते सासरी तुरुंगाचं कळू नये म्हणून, एवढं मी ताडलं होतं. मनाशी म्हटलं, आता आपल्या तोंडूनच सासूबाईंना सांगून टाकू.  सासूबाईंनी चष्मा पुसला. "अगं, तुझे काका तुरुंगात होते हे आम्हाला मुलगी बघायला येण्याआधीच ठाऊक होतं. चौकशी केल्याशिवाय कोणी सोयरीक करतं का? मांजरीत पहिल्याच पानवाल्यानं सांगितलं. ते लग्नाला का आले नाहीत, एवढंच आम्हाला कळलं नाही. विचारणं बरं दिसलं नसतं, म्हणून विचारलं नाही."  ज्यांच्यापासून लपवायचं म्हणून सख्ख्या भावाला आत ठेवलं, त्यांना सगळं आधीपासून माहीत! कपाळ बडवून घ्यावं की हसावं, कळेना.

रात्रीच्या जेवणाआधी मी दादांना गाठलं. आडपडदा न ठेवता विचारलं, "दादा, नानांना घ्यायला तुम्ही गेला नाहीत?"

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "मास्तर लोकांचं घर. तुजं लगीन मोडलं असतं, तर?"

"त्यांना ठाऊक होतं, दादा. आधीपासून."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच भीती वाटली.  मग ते उठले आणि भिंतीला धरून परसात गेले.  मी जाईपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही नाही. खोटं कशाला बोलू, त्या खेपेला मी त्यांच्या पाया पडले ते नुसतं वाकून. मन वाकलं नव्हतं.

परत आल्यावर मला चैन पडेना. नानांना नुसतं सांगून पटणार नव्हतं, मला ते करून दाखवायचं होतं. ठरवलं, नानांना इकडे आणायचं. इकडे पाहुणा बोलवायचा तर यजमानानं हमीदार व्हावं लागतं, पालिकेच्या कचेरीत जाऊन, अधिकाऱ्यासमोर सही करून. काउंटरवरच्या पोरसवदा बाईनं विचारलं, "म्हणजे हे गृहस्थ तुमच्याकडे राहतील आणि त्यांची जबाबदारी तुमची?" मी "हो" इतक्या जोरात म्हटलं की मागच्या रांगेतली माणसं बघायला लागली. मग ठसठशीत सही केली. बाईला वाटलं असेल, हिला डच नीट कळलेलं नाही.

बाहेर येऊन तिथल्या पायरीवरूनच मी नानांना फोन लावला. म्हटलं, "नाना, सही केली. मी केली. आता तुम्ही यायचं."  मग ते हळूच म्हणाले, "आधी दादाची रजा घे."

मी चिडले. अक्षरशः ओरडले. "त्यांची कशाला? त्यांनी तुम्हाला..."

"त्यो घरचा थोरला हाय, पोरी. त्यानं हो म्हनल्याबिगर म्या कुटं जानार न्हाई."

शब्दकोशातली सगळी मुळं मी विसरले. ज्यानं एकदा दार लावून घेतलं, त्याचीच संमती हा माणूस मागत होता, आणि मला डोळ्यांतलं पाणी आवरेना. "द्या दादांना," मी कसंबसं म्हटलं. फोन या हातातून त्या हातात गेला. मी दादांना सगळं सांगितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना विचारलं, "नानांना इकडे पाठवायला तुम्ही राजी आहात का?"

व्हिसा मिळेल, न मिळेल. नानांचे गुडघे विमानात टिकतील की नाही, देव जाणे. मला कुणी विचारलं, तुझं घर आता कुठलं, तर मी आता गावाचं नाव सांगत नाही. हवालदारानं ओट्यावर बसून विचारलं तर जिथलं माणूस आपल्यासाठी हो म्हणेल आणि घ्यायलाही येईल, ते घर. आमच्या घरातनं एकदा कुणी गेलं नव्हतं. पण त्या दिवशी पायरीवर फोन कानाला लावून मी उभी होते, आणि दादा खोकले, घसा साफ केला आणि नानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जाऊ दे त्येला. इमानतळावर सोडाया म्या जानार. आन माघारी येईल तवा घ्यायला बी म्याच जानार."