बिनमोरचुदाची खळ

मुलांना कागद वाटायच्या आधी खळमावशी पातेल्यातली खळ स्वतः चाखून बघत. बोटाला लावून नव्हे, चांगली चमचाभर. मग क्षणभर डोळे मिटून उभ्या राहत आणि म्हणत, "बसा आता, येशूच्या लेकरांनो." मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा पदराआड हसले. चिकटवायच्या खळीत मीठ बरोबर पडलंय का, हे बघणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. आणि मीठ त्या खरोखरच घालत!

मी लग्न होऊन बोईसरला आले ती ऐंशीच्या सुमारास. नवरा कारखान्यात. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, उपासना एका शाळेच्या भाड्याच्या खोलीत. मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत पाळकांनी मला मावशींच्या हाताखाली दिलं. मावशी मनोरकडच्या, पूर्वी कुठल्याशा वसतिगृहात स्वयंपाकाला होत्या, एवढंच सगळ्यांना ठाऊक. लिहिता-वाचता बेताचंच येई, पण हातात कसब होतं. चिंचणीच्या किनाऱ्यावरचे शिंपले, कारखान्यातले खोके, पेंढा, जुन्या लग्नपत्रिका, असल्या सटरफटर वस्तूंतून त्या मुलांकडून गव्हाण करून घेत, मेंढरं, कागदी तारे, ताऱ्यामागून आलेले मागी लोक आणि त्यांचे उंट. उंट कधीकधी थेट म्हशीसारखा दिसे. मी नाक मुरडलं की म्हणत, "चालंल. बेथलेहेमला म्हशीबी आसतील."

तक्रार एकच होती. यातलं काही टिकत नसे. पुढच्या नाताळाला ट्रंक उघडावी तर झुरळांनी ताऱ्यांची चाळण केलेली. माझा जीव तळमळे. मावशींना त्याचं काहीच नाही. "खाऊ दे बाय, त्यांनाबी नाताळ हाय."

आता मी पडले बाइंडरची लेक. नगरला आमच्या घरात खळीत मोरचूद घातल्याशिवाय पुस्तक बांधलंच जात नसे. निळा खडा कुटून चिमूटभर टाकला की झुरळ फिरकत नाही. मी दोनदा सुचवूनही पाहिलं. मावशी ऐकलंच नाही असं दाखवून कात्री शोधायला लागत. मला वाटलं, म्हातारीला यातलं कळत नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते मला तेव्हा कोणीतरी सांगायला हवं होतं. नाताळाआधीच्या एका रविवारी मावशींना यायला उशीर झाला. मी स्टोव्ह पेटवून खळ शिजवली, मोरचूद घातला आणि मुलांना वाट्या भरून देऊनही टाकल्या.

मावशी आल्या, सवयीनं चमचा उचलला, चाखला आणि थुंकल्या. "कोनी तोंडात घातलं? जिभा काडा! सगळ्यांनी जिभा काडा!" असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. तारे, वाट्या सगळं उधळलं गेलं. एकेका मुलाला धरून त्या पदरानं तोंड पुसत होत्या, चुळा भरायला लावत होत्या. दोघांनी बोटं चाटली होती. त्यांना काहीही झालं नाही, दुपारी अंगणात गोट्या खेळत होती. तरी मावशी दिवस मावळेपर्यंत त्यांच्या दारात बसून राहिल्या. मीही शेजारी बसले.

परतताना त्यांनीच सांगितलं. वसतिगृहात नाताळाच्या सजावटीसाठी त्यांनी खळ केली होती. मोरचूद घालूनच. पातेलं निवायला स्वयंपाकघरात ठेवलं होतं. डोंगरातल्या पाड्यावरून नुकतीच आलेली एक पोर होती, यमी, सहा वर्षांची.

"भुकेली व्हती," मावशी म्हणाल्या. "तिला वाटलं, पेज हाय. वाटी भरून प्याली."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

"तवापासून पोरं माना खाली घालून कागद चिकटवायला लागली ना, की ती मला मधी बसलेली दिसते, बाय. वाटी घेऊन."

पुढच्या रविवारी मावशी आल्या नाहीत. भावाकडे गावी गेल्या, असं कळलं. पाळक म्हणाले, वय झालं बिचारीचं. मला मावशींचा रागही आला, आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं! मग त्या रागाची लाज वाटली. इतक्या वर्षांनी मुलांत बसायचं धाडस त्या बाईनं कसंबसं गोळा केलं होतं, ते मी एका चिमटीत घालवलं.

मे महिन्यात मी त्यांच्या गावी गेले. तीच आमची शेवटची भेट. एसटीत बसून काय बोलायचं ते पाठ करत होते. मावशी चुलीपाशी होत्या, पार वाळलेल्या. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मी पाठ केलेलं सगळं विसरले.

"उन्हातून आलीस, आदी पेज पी," म्हणून त्यांनी वाडगा पुढे ठेवला.

मी तो उचलला आणि ओठांपाशी माझा हात थांबला. साधी तांदळाची पेज, वर मिठाचे दोन खडे अजून विरघळायचे होते. तरी मी वाडगा उजेडाकडे कलता करून पेजेचा रंग बघत राहिले. मान वर केली तेव्हा मावशी माझ्याकडेच पाहत होत्या.

"तुलाबी लागलं काय गो हे?" त्यांचे डोळे भरून आले. "माजंच चुकलं. माफ कर मला."

माफी मागायला मी गेले होते.