साडेनऊ मार्कांचं दुखणं

गोळी जिभेखाली ठेवायची. गिळायची नाही, चावायची नाही, वर पाणी प्यायचं नाही आणि ती पूर्ण विरघळेपर्यंत शक्यतो बोलायचं नाही. पहिल्या तीन अटी मी सहज पाळल्या. चौथी पाळताना मात्र आमच्या घरात इतिहास घडत होता, कारण मी कुणासमोर दहा मिनिटं गप्प बसल्याचं आईला आठवत नाही. तिने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. मी गोळी तोंडात टाकली की ती समोर पाय पसरून बसायची आणि गेल्या वीस वर्षांत मी तिला जे बोलू दिलं नव्हतं ते सगळं बोलून घ्यायची.

"कानात काय घालत नाय, गळ्यात काय घालत नाय. हेडक्लार्क झालंस म्हणान काय तपकिरीच साडी नेसायची?"

मी हाताने 'थांब' अशी खूण करायचे.

"हात कित्याक हलवतंस? गोळी खा गप."

गोळी कडू होती आणि तिने जीभ बधिर व्हायची. उत्तर सुचलं तरी देता यायचं नाही. त्या गोळीची किंमत केमिस्टने सांगितली तेव्हा मी विचारलं होतं, "एका पाकिटाची ना?" तो म्हणाला, "एका गोळीची. आणि बाहेरून मागवावी लागते." एसीसाठी बाजूला ठेवलेले पैसे तिकडे गेले. उन्हाळा तसाही दरवर्षी येतो.

झोपेसाठी मी काहीही द्यायला तयार होते. तीन वर्षं मला झोप अशी लागलीच नव्हती. डोळे मिटायचे, पण सकाळी उठल्यावर असं वाटायचं, की रात्रभर कुणीतरी मला गोणी समजून जिन्यावरून खालीवर नेलंय. खांदे, कोपरं, कंबर, गुडघे, सगळं दुखायचं. रक्त, एक्स-रे, एमआरआय, सगळं नॉर्मल. नॉर्मल रिपोर्टांची फाइल इतकी जाड झाली की ती उचलली की खांदा भरून यायचा. ऑफिसात एक जण म्हणाला, "मॅडम, योगा करा." दुसरी म्हणाली, "लग्न करा." दोन्ही केलेली माणसं माझ्यापेक्षा जास्त कण्हताना मी रोज ऐकत होते, त्यामुळे दोन्ही राहिलं.

शेवटी दादरच्या एका डॉक्टर मॅडमनी फाइल न उघडता बाजूला ठेवली आणि अंगावर अठरा ठिकाणी बोटाने दाबून पाहिलं. सोळा ठिकाणी मी ओरडले. "फायब्रोमायाल्जिया," त्या म्हणाल्या. "दुखणं खरं आहे, रिपोर्टात दिसत नाही एवढंच." घरी येऊन मी आईला तो शब्द तीनदा सांगितला. तिने ऐकला आणि त्या दिवसापासून ती त्याला 'तुझा इंग्रजी दुखणा' म्हणू लागली.

साध्या औषधांनी दीड वर्षात फार काही झालं नाही, तेव्हा मॅडमनी ही नवी गोळी लिहून दिली. "जादू नाहीये, हे आधीच सांगते," त्या म्हणाल्या. "एक महिना घ्या. फरक पडला तर पुढे चालू, नाहीतर बंद. एवढं महाग औषध मी उगाच चालू ठेवत नाही." आणि त्यांनी एक छापील तक्ता दिला. तारीख, किती तास झोप, दुखणं दहापैकी किती. रोज सकाळी उठल्या उठल्या भरायचा, नंतर आठवून नाही.

आता यात अडचण अशी, की उठल्यावर अर्धा तास माझी बोटं पेन धरत नसत. मी कधीकधी मोबाइल हनुवटीने उघडलाय. पहिल्याच सकाळी मी पेनाशी झटत असताना आईने तक्ता हातातून काढून घेतला.

"माका दी. चौथी पास आसंय मी."

इथे आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. बाबा गिरणीत होते. गावाकडची आमची सगळी भावकी धरली तरी पहिली पदवीधर मीच, आणि ही गोष्ट मी कुणी न विचारताही सांगते. माझ्या पहिलीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका आईने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून लोखंडी कपाटात ठेवल्या आहेत, सोन्याच्या डब्याशेजारी. सोनं थोडं आहे, गुणपत्रिका बऱ्याच आहेत. मी एका कॉलेजच्या परीक्षा विभागात काम करते. एकोणीस वर्षांत माझ्या हाताखालून एक चुकीचा मार्क बाहेर गेलेला नाही. आईला याचा अभिमान आहे आणि मलाही.

तर आई रोज सकाळी विचारायची, "कसा आसा आज?" मी म्हणायचे, "ठीक," किंवा "कालच्यापेक्षा बरं." मग ती मला डोक्यापासून पायापर्यंत बघायची, चष्मा पुसायची, काहीतरी लिहायची आणि तक्ता कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावायची. मी एकदाही उघडून पाहिला नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचे मार्क ताडून बघणारी बाई घरी आल्यावर कशाला बघेल?

पहिले चार दिवस बधिर जिभेशिवाय काही पदरात पडलं नाही. पाचव्या सकाळी जाग आली ती नाकाखाली काहीतरी गरम लागल्यामुळे. आईचा हात. तिच्यामागे शेजारची काकू, हातात दुधाची पिशवी. लालबागची आमची चाळ पाडून तिथे आता अठरा मजली इमारत उभी आहे, पण माणसं तीच आणि दारं अजून उघडीच असतात, त्यामुळे कुणाचं काय चाललंय ते बघायला येण्याची पद्धतही अकराव्या मजल्यावर चढून आलीय.

"जिवंत आसा," आई काकूला म्हणाली.

"दोनदा हाका मारल्या गं तुला," काकू म्हणाली. "मी तर मनात तुझ्या ऑफिसला फोनसुद्धा करून टाकला."

"किती वाजले?"

"सव्वाआठ."

मला हसू आलं. हसताना बरगड्या दुखायच्या, म्हणून मी थांबले आणि वाट बघितली. काही झालं नाही. मग मी पुन्हा हसले, नुसतंच, करून बघायला म्हणून. काकूने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "गोळी महाग आसा, तेचो गुण." त्या सकाळी मी पाच घावणे खाल्ले आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ऑफिसला उशिरा पोचले. साहेबांनी कारण विचारलं. "झोप लागली होती," मी म्हणाले, पेढे वाटताना सांगतात तशा आवाजात. ते बिचारे "अभिनंदन" म्हणून गेले.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून गंमत वाटते. रोज झोप लागायचीच असं नाही, पण लागायची. मला बसचा नंबर लांबून दिसू लागला. मी दोनदा चालता चालता गुणगुणताना पकडली गेले. आणि मग तो शिंकांचा दिवस आला.

लालबागच्या मिरची गल्लीतून मी तीन वर्षं जात नव्हते. उन्हाळ्यात तिथे मसाले कुटायला रांगा लागतात आणि आत शिरणारा प्रत्येक माणूस शिंकतो. बाकीच्यांना ती शिंक असते. माझ्यासाठी एक शिंक म्हणजे मानेपासून टाचेपर्यंत वीज. मी नेहमी लांबच्या रस्त्याने जायचे. त्या संध्याकाळी मी कशाच्या तरी तंद्रीत होते आणि भानावर आले तेव्हा गल्लीच्या मधोमध उभी होते, नाक चुरचुरत होतं. एका दुकानाचा खांब धरला आणि शिंकले. सुतळी बॉम्बची वात पेटवून कानावर हात ठेवून उभं राहावं, तशी उभी राहिले. बॉम्ब फुटला नाही. खांद्यात थोडीशी कळ आल्यासारखं झालं, तेवढंच.

मी चार पावलं मागे गेले आणि लाल मिरचीच्या ढिगावर वाकून मोठ्ठा श्वास घेतला. लागोपाठ सहा शिंका. डोळ्यांतून पाणी.

"ताई, मसाला करायचाय?" दुकानदाराने विचारलं.

"नाही. शिंकायचंय."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "शिंका," तो म्हणाला. "त्याचे पैसे नाही घेत आम्ही."

महिना संपला. दादरला जायच्या दिवशी आई काठपदराची साडी नेसून तयार होती. तक्ता प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी छातीशी. माझ्या दहावीच्या निकालाला शाळेत आली होती ती अशीच. टॅक्सीत तिने तो मला हातसुद्धा लावू दिला नाही.

मॅडमनी तक्ता उघडला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागल्या. "झोप तीन तास, साडेतीन... इथे सहा, सात. अरे वा." मग बोट शेजारच्या रकान्यात गेलं. "दोन. दोन. तीन. चार. सहा. आठ. नऊ. नऊ. साडेनऊ."

त्यांनी तक्ता खाली ठेवला. "झोप वाढलीय, पण दुखणं दोनवरून साडेनऊवर गेलंय. असं मी अजून बघितलेलं नाही. थांबवूया आपण."

"मॅडम, मला खरंच बरं वाटतंय."

"महाग औषध घेतलं की पहिल्या महिन्यात सगळ्यांनाच बरं वाटतं. म्हणून तर मी लिहायला लावते. कागदावर काय आहे ते बघूया ना?"

कागदावर काय आहे ते बघूया. हे वाक्य मी परीक्षा विभागाच्या खिडकीतून किती पोरांना ऐकवलंय याचा हिशेब नाही. आज पहिल्यांदा मी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभी होते. आणि खरं सांगते, एक क्षण माझाच माझ्यावरचा विश्वास गेला. वाटलं, झोपेच्या आनंदात आपण दुखणं विसरलो असू. शिंका, घावणे, गुणगुणणं, सगळं मनाचे खेळ असतील. उद्यापासून पुन्हा ती गोणी, पुन्हा तो जिना.

मग माझी नजर आईकडे गेली. ती हसत होती. निकालाच्या दिवशी हसायची तेच हसू. मी तक्ता ओढून घेतला.

"आई, साडेनऊ कशाचे दिलेस?"

"मग? दहाच देणार होतंय. पण पैकीच्या पैकी दिले तर दृष्ट लागता. म्हणान अर्धो मार्क राखलंय."

"आणि पहिल्या दिवशी दोन?"

"तेव्हा तू नापासच होतंस. ते दोन पण दया करून दिलंय."

मॅडमनी मान खाली घातली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी विचारलं, "आजी, दहा म्हणजे चांगलं?"

"तुमच्या शाळेत काय उलटा असता?" आई म्हणाली.

दोष आईचा नव्हताच. आमच्या घरात दहापैकी म्हटलं की ते माझे मार्क, आणि ते वाढलेच पाहिजेत. हे मला माहीत असायला हवं होतं. ताडून बघायचं काम माझं होतं.

"हा कागद मी उलटा वाचू शकते," मॅडम म्हणाल्या, "पण त्यावर औषध नाही देता येणार. झोपा इथे, पुन्हा दाबून बघते."

अठरा जागा. मान, खांदे, छाती. दुखलं तिथे दुखलं म्हणाले. आई कोपऱ्यात बोटं मोजत होती. डाव्या कोपरापर्यंत येईतो आठ झाले होते. मॅडमनी दाबलं. कळ आली, पूर्वीसारखी नाही, पण आली. 'नाही' म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? एका शब्दाने एक जागा कमी भरली असती, गोळी पक्की झाली असती. तोंडापर्यंत आलं होतं. पण चुकीचा मार्क बाहेर जाऊ द्यायचा नाही ही सवय फार जुनी आहे.

"दुखतंय," मी म्हणाले.

मग गुडघे वगैरे, तिथे दुखलं नाही. शेवटी नऊ.

"पूर्वी सोळा, आता नऊ," मॅडम म्हणाल्या.

"अठरातले नऊ म्हणजे पन्नास टक्के," आई म्हणाली. "सेकंड क्लास."

"माझ्या हिशेबाने चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. "आणखी तीन महिने चालू ठेवू. फक्त आजी, आता मार्क दुखण्याला द्यायचे. मुलीला नाही."

मी टेबलावरून उतरताना इतकी जोरात हसले की बाहेर बसलेला पेशंट दार उघडून बघून गेला. आई मात्र विचारात पडली होती. टॅक्सी परळच्या पुलाशी आली तेव्हा तिने विचारलं, "पास व्हायला किती लागतात गो?"

"पस्तीस टक्के."

"म्हणजे दहातले साडेतीन," ती बोटांवर मोजत म्हणाली.

नव्या तक्त्यात तिने स्वतःच एक रकाना वाढवलाय. दुखणं साडेतीनच्या खाली असलं की त्यात लाल पेनाने 'नापास' लिहिते, शेरा मारल्यासारखं, खाली रेघ ओढून. मी रोज रात्री तो ताडून बघते. दोन महिन्यांत दुखणं बरेचदा नापास झालंय, सगळ्या वेळी नाही.

आज सकाळी तिने विचारलं तेव्हा मी मान फिरवून बघितली, खांदे उचलून बघितले आणि खरं ते सांगितलं, "चार."

"काठावर पास झाला मेला," आई म्हणाली आणि तिने लाल पेन ठेवून निळं उचललं. "उद्या बघतंय तेका."